चुना मारलेली भिंत

गेटवर मला कडक सॅल्यूट बसला आणि तिथंच माझं मत झालं, प्रकरण बोगस आहे.

सॅल्यूट ठोकणारे गृहस्थ पन्नाशीच्या आतबाहेरचे. पीळ दिलेल्या मिशा, इस्त्रीची पँट, चकाचक बूट. "वेलकम मॅडम! युनिट इन्स्पेक्शनसाठी रेडी हाय!" गेटपासून शेडपर्यंत दोन्ही बाजूंना दगड मांडलेले, एक गेरूचा, एक चुन्याचा. शेडच्या दारात सहा बायका उंचीप्रमाणे रांगेत उभ्या. कारखाना महिलेच्या मालकीचा, असं माझ्या हातातला कागद सांगत होता. मालकीणबाई कुठं दिसतात का ते बघितलं. त्या रांगेच्याही मागं, डोक्यावर पदर, हातात चहाचा ट्रे.

"झालं! अजून एक," मी मनात म्हटलं.

माझं काम आधी सांगते, म्हणजे माझा वैताग कळेल. सरकारी कंपन्या आणि खाती जो माल विकत घेतात, त्यातला काही वाटा लघुउद्योगांकडून घ्यायचा असा नियम आहे. त्यातही थोडा अनुसूचित जाती-जमातींच्या उद्योजकांसाठी, थोडा महिलांसाठी. नोंदणी असली की टेंडरची अनामतही भरावी लागत नाही. आता सवलत म्हटली की सोंगं आलीच. कागदावर बायको, खुर्चीत नवरा. कागदावर सासूबाई, खुर्चीत जावई. म्हणून नोंदणीच्या आधी प्रत्यक्ष जाऊन बघायला बाहेरचे तपासनीस नेमतात. त्यातली मी एक. मेकॅनिकल डिप्लोमा, सांगलीत फाउंड्रीच्या क्वालिटी विभागात उभी हयात गेली, आणि आता हे. विश्रामबागेत माझ्या दारात लोक पेढे घेऊन येतात आणि पेढे घेऊनच परत जातात.

बघायचं काय, तर दोन गोष्टी. एक मालकी. निम्म्याहून जास्त भाग बाईच्या नावावर हवा. ते कागदावर दिसतं. दुसरी कंट्रोल, म्हणजे धंद्यातले निर्णय कोण घेतं. ते कागदावर कधी दिसत नाही. त्यासाठी माझ्या माझ्या खुणा आहेत. खुर्ची कुणाच्या बसण्यानं झिजलीय? टेबलावर कुणाचा चष्मा, कुणाचा डबा? आणि सगळ्यात महत्त्वाचं, काम अडलं की कामगार कुणाकडं बघतात? आजवर या खुणांनी मला दगा दिलेला नव्हता. निदान माझा तसा समज होता.

हा कारखाना खंडाळ्याजवळचा. घाटातला नव्हे, सातारा जिल्ह्यातला तालुक्याचा खंडाळा. सांगलीहून सकाळी सहाला निघून पोचले होते. अर्जदार शालन उत्तम यादव. माल, पाण्याच्या पाइपांच्या जोडात बसणाऱ्या रबरी रिंगा. पाइपात पाइप बसला की मधून गळू नये म्हणून ही रिंग. रबर दाबून तापवणारे दोन प्रेस, सहा कामगार, सगळ्या बायका. फाइलीत आणखी एक गोष्ट होती. यांची मोठी गिऱ्हाईक कंपनी दुसरीकडं गेली होती आणि एक प्रेस बंद पडून होता. एका पाणीयोजनेचं टेंडर पंधरा दिवसांनी बंद होणार होतं. नोंदणी झाली तर शालनबाई ते भरू शकणार होत्या. मी नकार दिला तर पुन्हा अर्ज करता आला असता, पण तोवर टेंडर गेलेलं. मग सहातल्या तीन बायका घरी.

म्हणून मी नकार घाईनं देत नाही. पण दयेनं होकारही देत नाही.

सॅल्यूटवाले म्हणजे उत्तमराव, शालनबाईंचे यजमान. फौजेतून हवालदार म्हणून रिटायर होऊन दोन वर्षं झालेली. आमच्याकडं फौजेतून आलेला कुणीही मेजरच असतो, त्यामुळं गाव त्यांना मेजर म्हणायचं. त्यांनी मला ऑफिसात नेलं. ऑफिस बघून मी थक्क झाले. टेबलावर नवी कोरी काच. एक पेन, एक फुलदाणी. फिरती खुर्ची इतकी नवी की हातांवरचं प्लास्टिक तसंच. एक कागद इकडंतिकडं नाही. कारखान्याच्या ऑफिसात मी इतकी स्वच्छता जन्मात पाहिली नव्हती.

मेजर खुर्चीत बसले. शालनबाई चहा ठेवून दाराशी उभ्या राहिल्या.

"कच्चा माल कुठून येतो?" मी विचारलं.

"पुण्याहून, मॅडम!"

"ग्रेड कोणती?"

"एक नंबर!"

"हार्डनेस किती ठेवता?"

"एकदम हार्ड, मॅडम. तक्रारीला जागाच न्हाई."

हार्डनेस म्हणजे रबर किती कडक ते. त्याचा आकडा असतो. टेंडरमध्ये तो आकडा लिहिलेला असतो आणि दोनचार अंकांनी चुकला तरी माल परत येतो. मी मान वळवून दाराकडं बघितलं. "शालनताई, तुम्ही सांगा की."

बाईंनी नवऱ्याकडं बघितलं. ओठ हलल्यासारखे झाले. मग म्हणाल्या, "त्येंनी सांगितलं त्येच."

बास! मी पेन उघडलं. आमचा फॉर्म अजून कागदीच आहे. हातानं भरायचा, सही करायची, मग स्कॅन करून पोर्टलवर टाकायचा. कंट्रोलच्या रकान्यात मी लिहिलं, "पतीच्या हाती." ठळक अक्षरात लिहिलं. सकाळी सहाला निघाल्याचा राग त्या अक्षरात होता.

आता उरलं प्रत्यक्ष उत्पादन बघणं. नकार द्यायचा असला तरी ते बघावंच लागतं. शेडमध्ये गेले तर दोन्ही प्रेस थंडगार. धुऊनपुसून, वर हिरवा रंग मारलेला.

"चालू प्रेससुद्धा बंद ठेवलाय?"

"इन्स्पेक्शनसाठी, मॅडम. कालपास्नं. परवा चुना, काल रंग. धूळ न्हाई, वास न्हाई, कचरा न्हाई!" मेजरांच्या आवाजात अभिमान मावत नव्हता.

प्रेसच्या प्लेटा तापायला पाऊण तास गेला. मी घड्याळ बघत बसले आणि मनातल्या मनात मेजरांना काय काय म्हटलं ते इथं लिहिण्यासारखं नाही.

प्लेटा तापल्यावर मेजरांनी आवाज दिला, "मंगल! मशीन चालू कर!"

मंगल म्हणजे प्रेसवरची बाई. चाळिशीची, दणकट. तिनं रबराची पट्टी साच्यात बसवली, साचा प्रेसमध्ये सरकवला, तरफ ओढली. प्रेस मिटला. आता रबर त्या उष्णतेत पिकायचं. त्याला क्युअरिंग म्हणतात. कमी वेळ ठेवलं तर रिंग चिकट आणि मऊ, जास्त ठेवलं तर कडक होऊन चिरते. सगळी गंमत त्या मिनिटांत आहे.

मंगलनं टायमरला हात घातला आणि समोरच्या भिंतीकडं बघितलं. भिंत पांढरीफेक होती. मंगलचा हात टायमरवर तसाच राहिला. मग तिनं हळूच मान वळवली. मेजर तिच्या उजवीकडं छाती काढून उभे होते. ती त्यांच्याकडं बघत नव्हती. ती त्यांच्या पाठीमागं दाराकडं बघत होती.

मीही बघितलं. शालनबाईंनी ट्रे ड्रमवर ठेवलेला. पदराखालून एक हात बाहेर आला. पाच बोटं. मग तीन. मग त्याच हातानं त्यांनी भिंतीवरच्या व्होल्टमीटरकडं बोट केलं आणि आणखी दोन बोटं दाखवली. हात परत पदरात. चेहऱ्यावर काही नाही.

मी व्होल्टमीटर बघितला. काटा बराच खाली होता. व्होल्टेज कमी म्हणजे प्लेट नीट तापत नाही, म्हणजे वेळ वाढवायला हवा. आठ मिनिटं, अधिक दोन. मी फाउंड्रीत आयुष्य घालवलेली बाई, पण मी आल्यापासून त्या व्होल्टमीटरकडं एकदाही बघितलं नव्हतं. या बाईनं दाराआडून बघितलं होतं. माझे कान तापले.

"मेजर," मी म्हटलं, "किती मिनिटं ठेवायचं?"

"पाच!" क्षणाचाही विचार नाही.

मंगलचे डोळे मोठे झाले.

"ठीक. मंगल, ही पाचवर काढा. पुढची दहावर."

"दहा?" मंगलनं माझ्याकडं बघितलं, मग दाराकडं बघितलं आणि पहिल्यांदाच हसली.

पाचवाली रिंग निघाली. मी नख दाबलं. खड्डा पडला, तो तसाच राहिला. दहावाली निघाली. नख दाबलं, वर आलं. माझ्याकडं खिशात मावेल एवढं हार्डनेस गेज असतं. रबरावर टेकवायचं, काटा आकडा दाखवतो. दहावालीचा आकडा टेंडरमधल्या आकड्याशी बरोब्बर जुळला.

"एरवी ही मिनिटं तुम्हाला कुठून कळतात?" मी मंगलला विचारलं.

"भिंतीवर असतंय की."

"भिंत तर कोरी आहे."

"तेच तर म्हंते मी!" मंगलचा बांध फुटला. "शालनआक्कानं सगळं लिवलेलं हुतं वो. कुठला साचा किती मिनिटं, व्होल्टेज पडलं तर किती जादा, थंडीत किती. चार वर्सांचं लिवलेलं. मेजरनी परवा चुना मारला!"

मी मेजरांकडं वळले. "मेजर, चुन्याखाली अजून काय काय गेलं?"

"मॅडम, कचरा काढला फक्त."

"कुठाय तो कचरा?"

तो शेडच्या मागं होता. एक मोडकी खुर्ची, बसायच्या जागेचा फोम फाटून बाहेर आलेला, आणि एक भलं मोठं पोतं. खुर्ची बघून मला हसावं की रडावं कळेना. मी आल्यापासून शोधत होते ती खुर्ची हीच. पोतं मी शेडमध्ये आणून ओतायला लावलं. आधी एक चष्मा पडला. मग पाचसहा वह्या. मग रबरी रिंगा, शंभरावर असतील, प्रत्येकीला दोऱ्यानं पुठ्ठ्याचा तुकडा बांधलेला.

"हे काय?"

"वाया गेलेला माल," मंगल म्हणाली. "आक्का फेकू देत न्हाई. का वाया गेला ते लिवून खिळ्याला टांगती. रोज नजरंसमोर ऱ्हायलं म्हंजे तीच चूक परत हुत न्हाई, म्हंती."

मी खाली बसून वाचायला लागले. "वीज गेली." "साच्याला पाणी राहिलं." "नवा माल, न तपासता घेतला." "मंगल कालच माहेरून आली, लक्ष नाही." मंगलनं पदर तोंडाला लावला. आणि दर चारसहा तुकड्यांमागं एकावर तेच अक्षर, "माझी चूक." खाली तारीख.

क्वालिटी विभागात मी मोठमोठे चार्ट लावले, ट्रेनिंगं घेतली. पण "माझी चूक" असं लिहून भिंतीला टांगणारा एक मॅनेजर मला सापडला नव्हता. आणि या बाईच्या नावासमोर मी ठळक अक्षरात "पतीच्या हाती" लिहून बसले होते. मला माझीच लाज वाटली.

"शालनताई, तुम्ही बोलत का नाही?"

उत्तर मेजरांनीच दिलं. आवाज बराच खाली आलेला. "मीच सांगितलं हुतं, मॅडम. फौजेत इन्स्पेक्शनला जवान बोलत न्हाई. जो सीनियर, त्यो रिपोर्ट देणार. कुणी मधी बोललं की सगळं युनिट फेल. म्हणलं, आपल्या एवढ्या वर्सांच्या नोकरीचा हिला उपेग व्हावा. कवा न्हवं ते कायतरी करावं हिच्यासाठी."

"आवं, बास करा!" शालनबाईंचा आवाज इतका खणखणीत असेल असं मला वाटलं नव्हतं. पदर खांद्यावर आला. "तुमचा मान राहावा म्हणून मी गप बसले. चुना मारला, गप बसले. खुर्ची टाकली, गप बसले. मान राखता राखता माझा कारखानाच जायची येळ आली! ह्या पोरींनी उद्या कुठं जायाचं? तुमी सरहद्दीवर हुता तवा हितं रिपोर्ट कोण देत हुतं?"

मेजरांनी मान खाली घातली. सहाच्या सहा बायका आपापल्या पायांकडं बघायला लागल्या, पण सगळ्यांच्या गालात हसू होतं.

आमच्या नियमात एक चांगली तरतूद आहे. शंका असेल तर अर्जदार बाईची मुलाखत एकटीची घ्यायची, घरचा कुणी माणूस समोर नको. ही मुलाखत मी आल्या आल्या घ्यायला हवी होती. सॅल्यूट बघूनच निकाल लावून बसले आणि राहिली.

"मेजर, तुम्ही बाहेर थांबा."

"किती वेळ, मॅडम?"

"मी बोलवेपर्यंत."

ते गेले आणि गेटवर पहाऱ्याला उभे राहिले.

शालनबाई फाटक्या खुर्चीत बसल्या, चष्मा लावला, आणि मग मला लिहायला हात पुरेना. रबराची ग्रेड, पुरवठादाराचं नाव, गेल्या तीन वेळच्या मालाचा हार्डनेस, सगळं तोंडपाठ. बँकेत सही एकटीची. कामावर कुणाला घ्यायचं ते त्याच ठरवणार.

"कधी ऑर्डर नाकारलीय?" हा माझा ठेवणीतला प्रश्न. सोंगाची मालकीण इथं हमखास अडखळते, कारण नाही म्हणायचा अधिकार तिच्याकडं नसतोच.

"एकदा. त्या मोठ्या कंपनीचा माणूस म्हणला, जुन्या टायरची पूड मिसळा, स्वस्तात पडंल. मी म्हणलं, ही रिंग प्यायच्या पाण्याच्या पाइपात बसती. त्याच योजनेचं पाणी माझ्या घरात येतंय. न्हाई जमायचं. तवाच एक प्रेस बंद पडला."

म्हणजे ती मोठी कंपनी दुसरीकडं गेली नव्हती, बाईनंच तिला परत पाठवलं होतं. फाइलीत हे कुठंही नव्हतं. मी ते मोठ्या अक्षरात लिहून घेतलं.

शेवटचा रकाना होता, "व्यवसायात पतीची भूमिका." मी मेजरांना आत बोलावलं. "मेजर, खरं सांगा. या कारखान्यात तुमचं काम काय?"

ते सावधान झाले. एकदा बायकोकडं बघितलं. "टेंपो चालवणे, माल पोच करणे, मॅडम." मग तिच्याकडं हात केला. "ऑर्डर ह्यांची."

मी आधीचं "पतीच्या हाती" आडवी रेघ मारून खोडलं, शेजारी बरोबर उत्तर लिहिलं आणि सही केली. निघताना शालनबाईंनी पुन्हा चहा विचारला. या वेळी चहा मेजर करत होते, आणि चांगला करत होते.

दुसऱ्या दिवशी पुण्याहून आमच्या साहेबांचा फोन.

"मॅडम, तुम्ही पास केलं? तब्येत बरी आहे ना?"

"ठणठणीत आहे."

"आणि रिपोर्टवर खाडाखोड? तुमच्या रिपोर्टवर?"

"माझी चूक, साहेब. शेजारी तसं लिहून सही केलीय. बघा नीट."

पलीकडं साहेबांनी ती ओळ मोठ्यानं वाचली. मग म्हणाले, "हा रिपोर्ट मी जपून ठेवतो."

नोंदणी आठवड्यात झाली. टेंडर मुदतीत भरलं गेलं, त्यांच्या वाट्याला पुरेसं काम आलं आणि दोन्ही प्रेस चालू झाले. मी माझ्यापुरती एक सुधारणा केली. तपासणीची तारीख कळवणाऱ्या पत्रात आता शेवटी एक ओळ असते, "कृपया तपासणीसाठी कारखाना आवरू नये." लोकांना ती गंमत वाटते. आणि आल्या आल्या मी घरच्या पुरुषांना बाहेर चहाला पाठवते. सॅल्यूट घालोत नाहीतर पाया पडोत.

नोंदणीची मुदत संपली तशी नूतनीकरणाच्या तपासणीला पुन्हा मीच गेले. गेटवर कुणी नव्हतं. दगड होते, पण त्यांच्यावर धुतलेल्या गोण्या वाळत घातलेल्या. शालनबाई फाटक्या खुर्चीत बसून फोनवर कुणाला तरी झापत होत्या. मला बघून हातानंच बसा म्हणाल्या, दोन मिनिटं. मला त्या दोन मिनिटांचा फार आनंद झाला.

तोवर मी शेडमध्ये गेले. भिंतीवर मिनिटं परत आली होती, या वेळी ऑइल पेंटनं. बाजूला खिळे, खिळ्यांना रिंगा आणि पुठ्ठ्याचे तुकडे. मधल्या खिळ्याला रिंग नव्हती. चुना मारायचा कुंचला टांगलेला होता, चुना वाळून दगड झालेला. त्यालाही दोऱ्यानं पुठ्ठा बांधला होता. वर शालनबाईंचं अक्षर, "चार वर्षांचं लिखाण वाया. कारण:" आणि पुढं दुसरं अक्षर, उभं, कडक, फौजी. "माझी चूक." खाली उत्तमरावांची सही, हुद्दा आणि फौजेतल्या नंबरासकट.

मी त्याचा फोटो काढला आणि फॉर्मला जोडला. कंट्रोलच्या रकान्यात, पुरावा म्हणून.